प्राणिविज्ञान, शालेय अध्यापन
प्राण्यांची रचना, वाढ, वर्तन व परिसराशी असलेले संबंध यांचे ज्ञान विद्यार्थ्यांना निरीक्षण, नोंद, तुलना व साधे प्रयोग यांच्या द्वारा करून देण्याची पद्धती. प्राण्यांची नावे व वर्ग पाठ करण्यापेक्षा प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर पडताळून पाहणे यांना तीत अधिक महत्त्व असते.

भारतात १९७२ मध्ये होशंगाबाद (मध्य प्रदेश) जिल्ह्यातील १६ शाळांत या दृष्टीने विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो जिल्ह्यात सर्वत्र पसरला. २००२ मध्ये बंद करण्यात आला. महाराष्ट्रात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) प्राथमिक वर्गांसाठी कृतिप्रधान पुस्तके तयार केली.

अशा अध्यापनास महागडी साधने लागत नाहीत. परिसर मात्र शिक्षकाला परिचित असावा लागतो. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळील कोनसारख्या गावी पावसाळ्यात डबक्यांतील भैकेर (बेडकाची डिंभावस्था) काठावरूनच पाहता येतात. पाय फुटणे, क्लोमांऐवजी (कल्ल्यांऐवजी) फुप्फुसांनी श्वसन सुरू होणे व शेपूट आखडणे हे बदल त्यांत क्रमाने घडतात.

वर्गासाठी लिंबावरील फुलपाखरू (पॅपिलिओ डेमोलियस) विशेष सोयीचे असते. त्याची मादी लिंबू, कढीपत्ता इ. झाडांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. अंडे असलेली डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवून बाटलीचे तोंड कापसाने बंद करतात, म्हणजे अळी पाण्यात पडत नाही. ही बाटली मोठ्या बरणीत ठेवून बरणीवर विरळ कापड बांधतात. रोज ताजी पाने द्यावी लागतात व विष्ठा काढावी लागते. अळीची लांबी दोऱ्याने मोजतात. पान आधी आलेख कागदावर रेखून घेतल्यास किती खाल्ले ते कळते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तर शेवटच्या अवस्थेत ती हिरवी होते. हा रंगबदल शत्रूंपासून बचावास कसा उपयोगी पडतो, याचा विद्यार्थ्यांना विचार करता येतो. कोशातून काही वेळा फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडतात. ही घटना अपयश मानू नये. एका प्राण्याचे जीवन दुसऱ्यावर कसे अवलंबून असते, हे तीवरून स्पष्ट होते.

निरीक्षणाला तुलनेची जोड दिल्यास प्रयोग होतो. फ्रांचेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये उघड्या व कापडाने झाकलेल्या भांड्यांत मांस ठेवून अळ्या माशीच्या अंड्यांपासूनच होतात, असे दाखविले. वर्गात एकच घटक बदलून बाकीचे सारखे ठेवण्याची रीत या उदाहरणावरून समजावता येते.

पूर्वी प्राणिविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत विच्छेदनावर भर असे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी शिकविता येत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे तत्त्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिविज्ञानाच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याविषयी अधिसूचना काढली. तथापि केवळ चित्रे दाखविल्याने निरीक्षणाची उणीव भरून निघत नाही. जिवंत प्राणी थोडेच व थोड्याच काळासाठी ठेवणे, वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी न पकडणे, हाताळणीनंतर हात धुणे आणि अभ्यास संपताच प्राणी मूळ ठिकाणी सोडणे, हे नियम पाळावे लागतात. डासांच्या अळ्या याला अपवाद होत. त्या झाकलेल्या भांड्यात ठेवून निरीक्षणानंतर नष्ट करतात. प्राण्याची काळजी घेणे हा या शिक्षणाचाच भाग होय. कारण ज्या प्राण्याचा दिवसेंदिवस सांभाळ केला, त्याच्यातील सूक्ष्म बदलही विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटत नाहीत.