शब्दाची पायरी

इंग्रजी लिहिताना तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून कोश उघडून त्याच्या जागी एखादा भारदस्त पर्याय घालण्याचा परिपाठ आपल्याला शाळेतच जडतो. परंतु कोशाच्या एका ओळीत सुखाने नांदणारे शब्द वाक्यात एकाच पंक्तीला बसत नाहीत, हे बहुधा फार उशिरा ध्यानी येते.

'आस्क' हा साधा शब्द घ्या. मूल आईला पावसाचे कारण विचारते तेव्हा 'आस्क', आणि 'फॉर'ची जोड मिळताच तेच मूल पाणी मागू लागते. 'इन्क्वायर' अधिक अदबीचा. त्याच्यापुढे 'आफ्टर' आले की कुशल विचारले जाते, 'इंटू' आले की रीतसर चौकशी सुरू होते. 'क्वेश्चन'चे कर्म माणूस असेल तर त्याला प्रश्न विचारले जातात, निर्णय असेल तर त्याविषयी शंका घेतली जाते. 'इन्टरॉगेट' मात्र संशयिताची कसून जबानी घेणाऱ्या पोलीस अंमलदाराचा शब्द. आजारी शेजाऱ्याला आपण प्रकृती कशी आहे एवढेच विचारले आणि ते सांगताना हा शब्द वापरला, तर त्या बिचाऱ्याला आपण आरोपी म्हणून चावडीवर उभे केले असे होईल.

या भेदांमागे इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायासन यांची भाषा दीर्घकाळ फ्रेंच झाली, धर्मपीठात व विद्वानांत लॅटिन चालतच होती, आणि घरात, शेतात जुनी इंग्रजी टिकून राहिली. म्हणून 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचमार्गे आलेला आणि 'इन्टरॉगेट' थेट लॅटिनच्या कुळातला. आपणही देवाची प्रार्थना करतो, वडीलधाऱ्यांना विनंती करतो आणि मामलेदाराकडे अर्ज देतो. या तिघांची अदलाबदल कोणी केली तर ती आपल्या कानाला तत्काळ खटकते, कारण मराठीत हा विवेक आपल्याला आईच्या बोलण्यातून मिळालेला असतो.

पीटर मार्क रॉजेट या वैद्याने १८०५ साली स्वतःच्या सोयीसाठी आरंभिलेली शब्दांची टिपणे १८५२ साली 'थिसॉरस' या नावाने ग्रंथरूप झाली. त्यात वर्णानुक्रम सोडून कल्पनांच्या हजार मथळ्यांखाली शब्द गोळा केलेले आहेत. आणि अशी अर्थानुसारी मांडणी करणाऱ्या पूर्वग्रंथांत सर्वांत प्राचीन म्हणून रॉजेटने प्रस्तावनेत आपल्या अमरकोशाचा निर्देश केला आहे, ही गोष्ट प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

मात्र असा ग्रंथ विसरलेल्या शब्दाची आठवण करून देतो. परका शब्द आपलासा करून देणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याने वहीत नुसते पर्याय उतरवून न घेता, प्रत्येकासमोर तो जिथे भेटला ते अख्खे वाक्य लिहावे. कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे त्या वाक्यातच कळते, आणि तेवढे कळले की शब्दाची पायरी वेगळी शिकवावी लागत नाही.