सोना खयसून इला?

मालवणच्या बाजारपेठेत दुपारी दीडनंतर सामसूम होते. मासळी संपलेली असते, दुकानं अर्धी मिटलेली असतात, माणसं जेवून आडवी झालेली असतात. सोनाराच्या दुकानामागच्या खोलीत मात्र याच वेळी खरं काम चालतं, कारण गिऱ्हाईक नसलं की हाताला उसंत मिळते. चतुर्थीला बारा दिवस उरले होते. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी आजीच्या पाटल्या मोडून पुतणीसाठी मंगळसूत्र करायला दिलं होतं. ते काम सुरुवातीपासून बघायला दुकानाच्या शेटनी मला बसू दिलं.

आधी वजन. पाटल्या भरल्या 34.2 ग्रॅम. आजीच्या हिशेबात त्या तीन तोळ्यांच्या होत्या. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे मूळ वजन जेमतेम 35 ग्रॅम. मधले पाऊण ग्रॅम, सहाएक गुंजा, आयुष्यभराच्या भांडीधुण्यात झिजल्या. मग कसोटी. काळ्या दगडावर पाटलीची रेघ, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. हिणकस रेघ आधी फिकी पडते. शेटनी दगड दिव्याखाली तिरका धरला, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, “जोडाकडे डाख आसा, बाकी चोख.”

पाटल्या कापून मुशीत गेल्या. आता कोळशाच्या जागी गॅस आला आहे, पण टाकणखाराची चिमूट तीच. मळ वर येतो, बाजूला सरतो आणि मधोमध सोनं पाण्यासारखं गरगरू लागतं. त्या एका क्षणात पाटल्यांवरची नक्षी, आजीच्या मनगटाचा बाक, सगळं पुसलं जातं. तेल लावलेल्या लोखंडी साच्यात ओतलं की लगड तयार. ती ऐरणीवर ठोकायची, तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची, मग जंतराच्या भोकांतून ओढायची. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा बारीक. शेट पाय रोवून तार ओढत होते आणि त्यांच्या मानेच्या शिरा तारेसारख्याच ताणल्या होत्या.

कड्या जोडायची वेळ आली तेव्हा गोष्ट डाखाकडे वळली. डाख म्हणजे दोन तुकडे सांधणारा, सोन्याआधी वितळणारा मिश्रधातू. जुना डाख तांब्या-चांदीचा असायचा. तो दागिन्यात जितका जास्त, तितका दागिना आटवल्यावर कस खाली. त्यावर उपाय म्हणून केडीएम आलं. 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम असा हा डाख, त्यामुळे कस जवळपास राखला जातो. गिऱ्हाइकाला ते आवडलं. आजही कोणी कोणी कौतुकानं विचारतं, “केडीएम आसा मां?” पण कॅडमियम 767 अंशांना उकळतं, आणि सोनाराची ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते. तो धूर जोडकाम करणाऱ्याच्या छातीत जातो आणि फुप्फुस-मूत्रपिंडांना धरतो. गिऱ्हाइकाला शुद्धता मिळाली आणि तिची किंमत कारागिराच्या अंगावर पडली.

“माझो बापूस रातभर खोकायचो,” शेट म्हणाले. “आमका वाटायचा, बिडी वढता म्हणान.”

आता हॉलमार्कच्या व्यवस्थेत कॅडमियमच्या डाखाला जागा नाही. शेट जस्ताच्या मिश्रणाचा डाख वापरतात आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आहे. पण बाजारात ‘केडीएम’ हा शब्द मानाचाच राहिला. ज्या नावाला लोक भरवसा समजले ते नाव एका विषाचं होतं, याचा विचार मी त्या खोलीतून निघाल्यावरही करत राहिलो.

तयार दागिना हॉलमार्क केंद्रात जातो. तिथली तपासणीही मी एकदा उभं राहून पाहिली आहे. आधी क्ष-किरणांनी वरवरची चाचणी होते. निर्णायक असते ती अग्निपरीक्षा. सोन्याचा इवलासा नमुना तोलून, चांदीसोबत शिशाच्या पत्र्यात गुंडाळून, हजार अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत सच्छिद्र वाटीत ठेवतात. वाटी शिसं पिऊन टाकते आणि त्यासोबत हिणकस धातूही. उरतो सोन्या-चांदीचा मणी. तो चपटा करून तेजाबात उकळला की चांदी विरघळते. शेवटी राहतं ते निखळ सोनं, पुन्हा तोललं जातं. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग. तेवढे भरले तर लेझरनं खूण उमटते. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, 22के916, आणि अक्षरं-आकड्यांचा सहा जागांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी.

ही व्यवस्था मी मनापासून मानतो. 2000 साली ऐच्छिक म्हणून सुरू झालेलं हॉलमार्किंग जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, आणि 1 एप्रिल 2023 पासून या सहा जागांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, किती कसाचा, कोणत्या सोनाराचा, कोणत्या केंद्रात तपासला, हे कळतं. वर्षाला 40 लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या सोनाराला आणि दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्तीतून सूट आहे. आपल्याकडच्या गावोगावच्या सोनारांपैकी अनेकजण त्या सवलतीत बसतात. शेटनी तरी नोंदणी करून घेतली. खोट्याला वाव राहू नये, एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

पण त्या खुणेत एक गोष्ट नाही. सोनं कुठून आलं, ते तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

“एकदा आटला काय तेका गाव नाय,” शेट म्हणाले.

कोलारच्या खाणी 2001 साली बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टी चालू आहे, पण देशाची भूक तिच्यानं भागत नाही. दरवर्षी शेकडो टन सोनं बाहेरून येतं. स्वित्झर्लंडमधून येतं, पण त्या देशात नाव घेण्याजोगी सोन्याची खाण नाही. तिथे शुद्धीकरणाचे कारखाने आहेत. दुबईहून येतं, पेरूहून, घानाहून येतं. जगातल्या सोन्याचा साधारण पाचवा हिस्सा हातानं खणणारे छोटे खाणकरी काढतात आणि त्यातले कितीतरी जण मातीतलं सोनं पाऱ्यानं पकडतात. पारा सोन्याला चिकटतो, मग तो गोळा उघड्यावर तापवून पारा उडवून लावायचा. पुष्कळदा घरातल्या चुलीवर, मुलं शेजारी बसलेली असताना. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग या कामातून जातो.

तो पारा पावसानं नदीत आणि नदीनं समुद्रात उतरतो, आणि माशांत साचतो. पारा आवरण्यासाठी 2013 साली झालेल्या जागतिक कराराला मिनामाता हे नाव दिलं ते जपानमधल्या एका मासेमारी गावाचं. तिथल्या खाडीत रसायनांच्या कारखान्यानं पारा सोडला, तिथले मासे खाऊन माणसं लुळी पडली. 1956 साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. भारतानं या करारावर 2018 साली मान्यतेची मोहर उठवली. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या माणसाला मिनामाता काय होतं, हे वेगळं समजावावं लागणार नाही.

पाऱ्यासाठी पेरूपर्यंत जायचीही गरज नाही. शेटच्या खोलीतला कचरा कधी बाहेर फेकला जात नाही. जमीन झाडून, ऐरणीखालची चटई झटकून, हात धुतलेलं पाणीसुद्धा राखून ठेवतात. ही माती झारेकरी विकत घेतात आणि धुऊन तिच्यातलं सोनं काढतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम तेजाबानं आणि पाऱ्यानं, उघड्या हातांनी झालं आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर तर देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळत बसलेले आहेत. आपलीच मराठी माणसं ही. दागिन्याची चमक त्यांच्या धुराड्यातून येते, आणि त्यांची नावं कुठल्याच पावतीवर नसतात.

जगात नियम झालेले आहेत. युद्धग्रस्त भागातून येणाऱ्या खनिजांची चौकशी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं 2011 साली घालून दिली, सोन्यासाठी पुरवणी 2012 साली जोडली. लंडनच्या सराफ संघटनेनं त्याच सुमारास तिच्या यादीतल्या शुद्धीकरण कारखान्यांवर ही चौकशी बंधनकारक केली. भर कारखान्यांवर, कारण शेकडो वाटांनी आलेलं सोनं तिथे एका मुशीत उतरतं आणि तिथून पुढे त्याचा माग लागत नाही. नियम योग्य ठिकाणी लावला आहे. पण तो मालवणपर्यंत पोचलेला नाही. शेटनी एकदा सोन्याचं वळं घेताना व्यापाऱ्याला विचारलं होतं, हे कोणत्या कारखान्याचं? उत्तर मिळालं, “भाव इचार, गाव कित्या इचारतंस?”

मला हे उत्तर बोचतं ते मालवणात बसून ऐकल्यामुळे. बाजारात बांगड्याचा वाटा घेताना इथली बाई कल्ला उघडून बघते, आणि विचारते, खयचो? रापणीचो काय ट्रॉलरचो? कधीचो? तिच्यासारख्यांची घरं पारंपरिक मच्छीमारांमागे उभी राहिली. पर्ससीन जाळ्यांविरुद्धच्या वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर 2016 साली राज्य सरकारला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले, 2017 साली एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी आली. अंमलबजावणीसाठी आजही भांडावं लागतं. पण प्रश्न विचारायची सवय या किनाऱ्याला आहे. दोनशे रुपयांच्या मासळीला जो प्रश्न आपण विचारतो, तो लाखाच्या दागिन्याला विचारत नाही.

चौथ्या दिवशी मंगळसूत्र खूण उमटवून परत आलं. बाईंनी ॲपमध्ये क्रमांक टाकून पाहिला. शेटनी पावती केली, वजन लिहिलं, कस लिहिला, घडणावळ लिहिली. मग त्याखाली स्वतःच्या हातानं आणखी एक ओळ घातली. “सोनं गिऱ्हाइकाचं, आजीच्या पाटल्यांचं. वेगळ्या मुशीत आटवलं.”

येत्या चतुर्थीला किंवा लग्नसराईत तुम्ही सोनाराकडे जाल तेव्हा एचयूआयडी तपासाच. आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे सोनं कोणत्या कारखान्यातून आलं, आणि ते कोणी, कसल्या धुरात बसून जोडलं. उत्तर पावतीवर लिहून मागा.