फिलिंग हरतं ते काठावर

तोंडातलं पदार्थविज्ञान : लेखांक ५

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात टोपी बाजारापासून सराफा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे मांडलेला एखादा कुंदनाचा हार जवळून पाहावा. खड्याभोवती शुद्ध सोन्याची पत्री दाबत दाबत बसवलेली असते. तिला आच लागत नाही की डाक लागत नाही. सोन्यावर ऑक्साइडचा थर धरत नाही, त्यामुळे त्याचे दोन स्वच्छ पृष्ठभाग नुसत्या दाबाने एकजीव होतात. याच गुणावर १८५५ मध्ये रॉबर्ट आर्थर या अमेरिकी दंतवैद्याने दात भरण्याची रीत बसवली. किडीच्या खड्ड्यात सोन्याची पत्री थरावर थर ठोकून भरायची आणि शेवटी कडा घोटून दाताशी सपाट करायच्या. शुद्ध सोनं दाताच्या एनॅमलपुढे अगदीच मऊ, तरीही नीट केलेली ही भरणी दशकानुदशकं टिकत असे. ‘सगळ्यात मजबूत मटेरियल कोणतं?’ हा दवाखान्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवतो, असं माझं म्हणणं आहे, आणि हे सोनं त्याचा पहिला पुरावा. भरणी क्वचित मधोमध हरते. ती हरते दात आणि भरणी जिथे भेटतात त्या काठावर. तिथून लाळ आणि जंतू आत शिरतात आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागते.

काठावर काय घडतं याचा हिशेब कागदावर करता येतो. एक अंश तापमान वाढलं की एनॅमल आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे ११ भाग प्रसरण पावतं. चांदीच्या भरणीचा, म्हणजे अमाल्गमचा, हाच आकडा २५च्या आसपास आहे. दातरंगी कंपोझिटचा साधारण ३०, ग्लास आयोनोमर सिमेंटचा जवळजवळ दाताइतकाच आणि अ‍ॅक्रिलिकचा ८०. समजा, खड्डा ४ मिलिमीटर रुंद आहे आणि बर्फाच्या पाण्यानंतर लगेच वाफाळता चहा आला, म्हणजे ४० अंशांचा फरक पडला. एवढ्यात एनॅमल १.८ मायक्रॉन हलेल, अमाल्गम ४, कंपोझिट ४.८ आणि अ‍ॅक्रिलिक तब्बल १२.८ मायक्रॉन. दात किडवणारा जंतू जेमतेम एक मायक्रॉनचा. अ‍ॅक्रिलिक आकसलं की या जंतूच्या लेखी ती फट नसून वेशीचा दरवाजा असतो.

यावर कोणी म्हणेल, चहा काही कोणी तोंडात धरून बसत नाही. एका घोटात फिलिंग आतपर्यंत तापतंच कुठे? आक्षेप बरोबर आहे. कंपोझिट आणि अ‍ॅक्रिलिक उष्णतेचे मंद वाहक आहेत, त्यामुळे घोट गिळेपर्यंत त्यांचा वरचा थरच तापतो. वरचे आकडे म्हणजे कमाल मर्यादा समजायची. पण असे घोट वर्षाकाठी हजारो होतात, आणि प्रयोगशाळाही साहित्याची परीक्षा ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवूनच घेते. शिवाय याहून मोठी हालचाल तापमानामुळे होतच नाही. कंपोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना त्याचे लहान रेणू एकमेकांना जोडले जातात, जवळ येतात आणि भरणी आकारमानाने दोन ते तीन टक्के आकसते. आपल्या ४ मिलिमीटरच्या खड्ड्यात हे आकुंचन तीस मायक्रॉनच्या घरात जातं. चहाने वर्षानुवर्षांत करायचं ते नुकसान पहिल्या मिनिटातच होऊन बसेल. डॉक्टर कंपोझिट एकदम न भरता दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थरावर दिवा धरतात, ते या आकुंचनाला आवर घालण्यासाठी. पेशंटला तो वेळकाढूपणा वाटतो.

तरी हे आकुंचन दर वेळी काठावर फट पाडत नाही, कारण कंपोझिट दाताला धरून ठेवलेलं असतं. ही पकड दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिली. त्यांनी एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावलं, धुतलं आणि वाळवलं. आजही ३७ टक्क्यांचं आम्ल पंधरा ते तीस सेकंद ठेवून तेच केलं जातं. चकचकीत दात तेवढ्यात खडूसारखा पांढराफटक दिसू लागतो, कारण पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात. पातळ राळ त्यांत उतरते, घट्ट होते आणि अडकून बसते. मात्र हे सगळं दात कोरडा असेल तरच. लाळेचा एक थेंब आला की छिद्रं बुजतात आणि जगातलं सर्वांत महाग कंपोझिटही काठावर सुटतं. एनॅमलच्या आतल्या डेंटिनमध्ये तर द्रवाने भरलेल्या नलिकाच असतात. तिथली पकड आणखी नाजूक. ग्लास आयोनोमरला इतके लाड लागत नाहीत. ते दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करतं, फ्लोराइड सोडतं आणि प्रसरणही दाताबरोबर होतं. सांध्याच्या परीक्षेत पहिला नंबर त्याचाच. पण ते ठिसूळ आहे. हिवाळ्यात गजक चावणाऱ्या माणसाच्या दाढेत, मोठ्या खड्ड्यात, ते एकटं तग धरणार नाही. म्हणजे मजबुती लागतेच. माझा वाद आहे तो तिला पहिलं स्थान देण्याशी.

मग झिर्कोनियाचं काय? त्याच्या कॅपची जाहिरातच मजबुतीवर चालते, आणि ती खोटी नाही. वाकवताना हा पदार्थ ९०० मेगापास्कलच्या पुढचा ताण सोसतो. तडा जाऊ लागला की टोकापाशी त्याचे स्फटिक रूप बदलून फुगतात आणि तडा दाबून धरतात. पदार्थविज्ञानातली ही फार देखणी युक्ती आहे. पण कॅप दातावर सिमेंटनेच बसते, आणि नेमका हाच पदार्थ सिमेंटला सहज धरत नाही. काचयुक्त सिरॅमिक हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करता येतं. झिर्कोनियात काच नसल्याने त्यावर तो उपाय चालत नाही, वेगळी रसायनं लागतात. कॅपच्या कडेखाली १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालवून घ्यावी, अशी मर्यादा मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी १९७१ मध्ये सुचवली होती आणि ती अजून मानली जाते. त्या फटीत असतं ते सिमेंट, झिर्कोनिया नव्हे.

सर्वांत जड आक्षेप जुन्या चांदीचा. अमाल्गम दाताला मुळीच चिकटत नाही, तरी ते वीस-वीस वर्षं कसं टिकलं? उत्तर गमतीचं आहे: ते गंजलं म्हणून. त्यातलं कथील लाळेत हळूहळू गंजतं आणि तो गंज काठावरची फट बुजवतो. सांधा इथेही निर्णायकच ठरला, फक्त तो डॉक्टरांऐवजी लाळेने बांधला. ओलसर तोंडातही ते भरता येतं, हा मोठाच गुण. तरी त्याचे दिवस भरले आहेत. त्याच्या वजनात जवळपास निम्मा पारा असतो, आणि तो सांडपाणी व स्मशान या वाटांनी निसर्गात जातो. पाऱ्याच्या वापराला आवर घालणाऱ्या २०१३च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर जवळजवळ बंद केला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ते २०३४ पर्यंत जगभर थांबवण्याचं ठरलं.

तेव्हा दात भरून घेताना मटेरियलचं नाव जरूर विचारा, पण त्याआधी विचारा: दात कोरडा कसा ठेवणार, आणि काठ पुन्हा कधी तपासणार? रस्त्याकडेला अ‍ॅक्रिलिक आणि तारेने शेजारच्या दातांना चिकटवून मिळणारा ‘पक्का दात’ घेऊ नका. ८०चा आकडा आठवा. आणि तोंडात जुनी चांदी असेल, काठ शाबूत असेल, काही दुखत नसेल, तर निव्वळ पाऱ्याच्या भीतीने ती उकरून काढू नका. पाऱ्याची वाफ सर्वांत जास्त निघते ती उकरतानाच.