बोटीच्या इंजिनचा ड्रेन प्लग गळतोय, आटे गंजलेत? ब्लॉक भंगारात घालण्याआधी हे वाचा

मानकोली (ता. भिवंडी) : मानकोलीहून मोठागावला जाणाऱ्या पुलाखालची उल्हास खाडी ना पूर्ण गोडी, ना पूर्ण खारी. भरतीला खारं पाणी वर चढतं, ओहोटीला मचूळ पाणी गाळ घेऊन उतरतं. ज्या बोटींचं इंजिन थेट खाडीच्या पाण्यावर थंड होतं, त्यांच्या ब्लॉकमधून हेच पाणी फिरतं. इंजिन बंद झालं तरी थोडं पाणी ब्लॉकच्या तळाशी उरतं. ते काढायला ब्लॉकच्या बाजूला, खालच्या अंगाला एक छोटा प्लग असतो, तोच ड्रेन प्लग. प्लग दिसायला छोटा, पण भर खाडीत उडाला तर दोन संकटं एकदम येतात. इंजिनला पाणी कमी पडून ते तापतं, जाम होतं. आणि पंप जे पाणी बाहेर टाकायचा ते बोटीत भरायला लागतं.

आपल्याकडेच प्लग जास्त का अडकतो?

थंड देशांत हा प्लग दरवर्षी हिवाळ्याआधी उघडावाच लागतो. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण ९ टक्के फुगतो आणि ब्लॉकला तडा जातो. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, म्हणून प्लगला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. तेवढ्यात आत गाळ, मीठ आणि गंजाचा चिखल साचतो. प्लग आणि ब्लॉक एकमेकांना चिकटतात, आटे आतून खाल्ले जातात. म्हणजे रोग खाऱ्या पाण्याचा खरा, पण तो वाढतो न उघडण्यानं.

ब्लॉक असतो बिडाचा. खारं पाणी बिडातलं लोखंड हळूहळू खातं आणि मागं काळं, मऊ ग्राफाइट उरतं. वरून आटे शाबूत दिसतात, पण स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडलं की पेन्सिलीच्या शिशासारखी काळी पूड निघते. असे आटे प्लग धरत नाहीत.

प्लग काढताना घाई नको

आधी नीट ओळखा. ब्लॉकच्या बाजूचा प्लग पाण्याचा, खाली तेलाच्या टाकीचा प्लग ऑइलचा. बोट काठावर घ्या, खाडीचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा.

गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लगच्या डोक्यावर हातोडीनं सरळ, हलके ठोके द्या, म्हणजे आतला गंज तडकतो. पाना उघड्या तोंडाचा नको, डोक्याला चारही बाजूंनी धरणारा घ्या. आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. पाव फेरा सुटला की पुन्हा तेल, पुन्हा मागं-पुढं. बोटीत डिझेल आणि तेलकट पाणी असतं, तिथं गॅसची ज्योत लावू नका.

डोकं तुटलं तर बरोबर मधोमध ड्रिल करून उलट्या आट्याच्या हत्यारानं प्लग काढता येतो. पण ते हत्यार आत तुटलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. म्हणून हे काम सवयीच्या मिस्त्रीकडेच द्या.

प्लग निघाला आणि पाणी आलं नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. भोक गाळानं बुजलेलं असतं. तारेनं कोरून गोड्या पाण्यानं धुवा.

आटे कितपत गेलेत, त्यावर इलाज

वरवरचा गंज असेल तर त्याच मापाचा टॅप हातानं फिरवून आटे साफ करा. तोंडाचे एक-दोन आटे गेले असले आणि आतले घट्ट असले, तरी प्लग धरतो, कारण हा प्लग निमुळता असतो आणि आत जाईल तसा आवळतो.

निम्म्याहून जास्त आटे गेले असतील किंवा काळी पूड निघत असेल, तर भोक एक माप मोठं करावं लागतं. पाव इंची बीएसपी प्लग बाहेरून सुमारे १३.२ मि.मी. भरतो, त्यापुढचा तीन सुती सुमारे १६.७ मि.मी. म्हणजे प्रत्येक बाजूनं पावणेदोन मि.मी. धातू जाणार. भोकाभोवती तेवढं चांगलं बीड शिल्लक आहे का, हे आधी बघा. नसेल तर काम तिथंच थांबवा.

ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लावा, कीस त्यात अडकतो. टॅप सरळ ठेवा आणि खोल मारू नका. टॅपही निमुळता असतो, जास्त आत गेला की भोक सैल होतं आणि प्लग बुडेपर्यंत आवळत नाही. शेवटी भोक धुऊन उरलेला कीस बाहेर काढा.

आता थेट मोठा प्लग बसवता येतो. पण त्याहून बरं म्हणजे तीन सुती बाय पाव इंची बुश सीलंट लावून कायमचा बसवायचा आणि त्यात जुन्या मापाचा प्लग लावायचा. पुढं झीज होईल ती बुशची, ब्लॉकची नाही. असा बुश तयार मिळतो, नाहीतर लेथवाल्याकडून करून घ्या. भिवंडी यंत्रमागाचं गाव, टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही.

दुकानात जाताना जुना प्लग सोबत न्या. अमेरिकी मापाच्या इंजिनांत एनपीटी आटे असतात. पाव इंचीत बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. अर्ध्या इंचात दोन्हीला १४च, पण आट्याचा कोन वेगळा, ५५ आणि ६० अंश. चुकीचा प्लग आत जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि तरीही गळतो.

हे करू नका

आटे गेलेत म्हणून प्लग जोर लावून आवळू नका. निमुळता प्लग पाचरीसारखा काम करतो, बीड फाटतं. स्प्रिंगसारखी तार बसवून आटे नवे करण्याची पद्धत बोल्टसाठी चांगली, निमुळत्या पाण्याच्या प्लगला नाही. बिडाला साधं वेल्डिंग केलं की बाजूला नवी चीर पडते. एपॉक्सी किंवा लाकडी खुंटी घरी पोचण्यापुरती ठीक, धंद्यावर निघायला नाही.

पुढं पुन्हा होऊ नये म्हणून

पितळी प्लग वापरा, तो लोखंडी प्लगासारखा गंजून चिकटत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना लागले की झीज लोखंडाची होते, म्हणून आट्यांना सीलंट हवंच. इंजिनला जस्ताची कांडी असेल तर झिजली की बदला. जमेल तेव्हा बोट लावताना गोडं पाणी फिरवा.

काम झालं की इंजिन काठावर गोड्या पाण्यावर चालवून पूर्ण गरम करा. प्लगभोवती कोरडा कागद धरा. तो भिजला तर प्लग पुन्हा काढून बसवा, नुसता आवळत राहू नका.

राज्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोट वर घेतली की नाखवांनी त्याच आठवड्यात प्लग उघडावा, तारेनं भोक कोरावं आणि ब्लॉक धुऊन रिकामा ठेवावा. खाडीकाठच्या शेतात पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन असेल, त्यालाही असाच प्लग असतो. पावसाळ्यात ते बंद ठेवताना शेतकऱ्यांनीही तो एकदा उघडून बघावा.