हॅमटारो पाहा, हॅमस्टर आणण्याआधी मात्र थांबा

आमच्या देवनारमध्ये मोबाइलवर ‘हॅमटारो’ पाहणारी मुले अम्मी-अब्बूंकडे हॅमस्टरचा हट्ट धरतात. रित्सुको कावाई या जपानी चित्रकथाकार महिलेने १९९७ मध्ये ही कथा सुरू केली. २००० मध्ये ती जपानच्या टीव्हीवर आली. पाचवीतली मुलगी शाळेत गेली की तिचा हॅमस्टर पिंजऱ्यातून सटकतो आणि दोस्तांच्या अड्ड्यावर जातो. मारामारीपेक्षा दोस्तीवर भर असलेले हे कार्टून मुलांनी जरूर पाहावे.

खरा हॅमस्टर मात्र वेगळा. तो दिवसा झोपतो, रात्री जागतो. सोनेरी हॅमस्टर एकटाच राहतो; दोन मोठे एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना जखमी करतात. हॅमटारोच्या आवडीच्या सूर्यफुलाच्या बिया रोज भरपूर दिल्या तर तो लठ्ठ होतो. पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा त्याच्या जिवावर बेतू शकतो. आयुष्यही जेमतेम दोन-तीन वर्षांचे.

मांजरीला उपाशी कोंडून मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतोच. बकरी ईदआधी घरी आणलेल्या बकऱ्याला पाला-पाणी देताना आपली मुले हीच जबाबदारी शिकतात. पण ते काही दिवसांचे असते, हॅमस्टरचे रोजचे.

म्हणून आधी मुलाला विचारा : पिंजरा कोण साफ करणार? गावी गेल्यावर दाणा-पाणी कोण पाहणार? उत्तर ‘अम्मी’ असेल, तर सध्या कार्टूनच पुरे.