विश्लेषण : जुन्या कपड्यांच्या गोधड्या संग्रहालयात पोहोचल्या, पण शिवणाऱ्या बायांना काय मिळाले?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर वसलेल्या एका छोट्या वस्तीतील कृष्णवर्णीय महिलांनी थंडीपासून बचावासाठी गोधड्या शिवल्या. फाटक्या विजारी, खताची पोती, घरातील जुने कपडे असे जे हाताशी होते ते वापरले. त्याच गोधड्या आज न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या नामवंत संग्रहालयांत भिंतीवर टांगलेल्या आहेत. टपाल तिकिटांवर त्या झळकल्या, मोठ्या दुकानांतील कपड्यांवर त्यांची नक्षी आली. मात्र या सगळ्या प्रवासात एक प्रश्न सतत उपस्थित होत राहिला. कलेचे कौतुक झाले, तिचे पैसे कुणाला मिळाले? जीज बेंडच्या गोधड्यांची ही गोष्ट समजून घेऊ या.

जीज बेंड नेमके कुठे आहे?

अलाबामाच्या विलकॉक्स काउंटीत अलाबामा नदी एक मोठे वळण घेते. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमिनीचा रस्ता, अशी ही जागा. तिचे अधिकृत नाव बॉयकिन. पण जोसेफ जी या मळेमालकाच्या नावावरून ती ‘जीज बेंड’ म्हणूनच ओळखली जाते. जी १८१६च्या सुमारास इथे आला आणि कापसाचा मळा उभा राहिला. १८४५ मध्ये हा मळा मार्क पेटवे याच्या ताब्यात गेला. पेटवेने आपल्या सुमारे शंभर गुलामांना नॉर्थ कॅरोलिनाहून इथपर्यंत पायी चालवत आणले. गुलामगिरी संपली तरी मालकाचे आडनाव या लोकांना चिकटून राहिले. म्हणूनच आजही या वस्तीत एकमेकांशी नाते नसलेली अनेक कुटुंबे ‘पेटवे’ आडनाव लावतात.

गुलामगिरीनंतर आली ती वाट्याने शेती आणि कर्ज. कापसाचे भाव कोसळले आणि १९३२ मध्ये उधार देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी वसुली सुरू केली. जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य, जे मिळेल ते घरांतून उचलून नेले. त्या हिवाळ्यात कुटुंबांवर उपासमारीची वेळ आली. पुढे केंद्र सरकारने ही जमीन विकत घेतली, घरे बांधली आणि १९४०च्या दशकात ती या कुटुंबांना हप्त्यांवर विकली. जमीन स्वतःच्या नावावर असणे हे त्या काळातील दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी दुर्मीळ होते. याच जमिनीमुळे लोक गाव सोडून फारसे गेले नाहीत आणि गोधडी शिवण्याची रीत आईकडून मुलीकडे येत राहिली.

या गोधड्या वेगळ्या कशा?

आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ बहुधा जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवली जाते. जीज बेंडच्या गोधडीत तीन थर असतात. वर कापडाचे तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापूस आणि खाली अस्तर. पूर्वी हा कापूस जिनिंगच्या फरशीवरून गोळा करून आणत आणि काठीने झोडपून मऊ करत. घरांच्या लाकडी भिंतींना फटी असत. वारा अडवण्यासाठी त्यांवर वर्तमानपत्रे चिकटवलेली असत. अशा घरात एका माणसाला एक गोधडी पुरत नसे.

काम दोन टप्प्यांत चाले. वरचा भाग प्रत्येक बाई एकटीने, आपल्या मनाने जुळवी. त्यानंतर तो चौकटीवर ताणला जाई आणि शेजारणी, बहिणी, जावा चारही बाजूंनी बसून टाके घालत. गाणी, प्रार्थना, गावच्या गप्पा सगळे त्या चौकटीभोवती होई. अमेरिकेत अशा एकत्र शिवणकामाला ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. शहरांतील ‘क्विल्टिंग गिल्ड’ म्हणजे वर्गणी भरून चालणारी हौशी मंडळे. जीज बेंडमध्ये मात्र ही गरज होती आणि ओढही.

नक्षीत ‘हाऊसटॉप’ हा प्रकार सर्वाधिक दिसतो. मधल्या एका चौकोनाभोवती पट्ट्या वाढत जातात, वरून पाहिलेल्या घराच्या छपरासारख्या. पण इथल्या बाया मोजपट्टीने बांधलेल्या नाहीत. रेषा तिरकी होते, एक पट्टी अचानक तुटते, निळ्यात मध्येच लाल तुकडा येतो. ठरलेला नमुना सोडून आपल्या मनाने जुळवलेल्या गोधडीला त्या ‘माय वे’ म्हणजे ‘माझ्या पद्धतीची’ म्हणतात.

यातील सर्वात बोलकी गोधडी मिसूरी पेटवे यांची. १९४२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांनी त्याचे शेतात वापरायचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि मायेने ती अंगावर घेता यावी, असे आई म्हणाल्याचे त्यांची मुलगी आर्लोन्झिया सांगत असे. विटलेल्या निळ्या-करड्या कापडाची ही गोधडी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. आजीच्या लुगड्याची गोधडी जपून ठेवणाऱ्या मराठी घराला यातली भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मतदानाच्या हक्काशी गोधडीचा काय संबंध?

नदीपलीकडचे कॅम्डेन हे काउंटीचे मुख्य ठिकाण. मतदार नोंदणी तिथेच होई. १९६०च्या दशकात जीज बेंडचे लोक नावे नोंदवायला नदी ओलांडून जाऊ लागले आणि १९६२ मध्ये नदीवरची फेरीबोट बंद झाली. मग कॅम्डेनला जाण्यासाठी सुमारे चाळीस मैलांचा वळसा पडू लागला. ही फेरी पुन्हा सुरू झाली ती थेट २००६ मध्ये. मार्टिन ल्यूथर किंग यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये जीज बेंडला भेट दिली. नाव नोंदवणाऱ्या, मोर्चात जाणाऱ्या अनेक कुटुंबांना या काउंटीत नोकरी किंवा राहते घर गमवावे लागले.

याच छळाच्या तक्रारी गोळा करत फिरणारे फ्रान्सिस वॉल्टर हे धर्मगुरू डिसेंबर १९६५ मध्ये एका घरासमोर थांबले. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांना दिसल्या. गोरा माणूस येताना पाहून घरातील बाई रानात पळाली. वॉल्टर नंतर परत आले, त्यांनी आसपासच्या बायांकडून प्रत्येकी दहा डॉलर देऊन गोधड्या घेतल्या आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव केला. त्यातून सुमारे दोन हजार डॉलर उभे राहिले. मार्च १९६६ मध्ये या भागातील महिलांनी एकत्र येऊन ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. एस्टेल विदरस्पून यांनी पुढे दीर्घकाळ तिचा कारभार पाहिला.

महाराष्ट्राला सहकाराची गोडी नवी नाही. पण इथे सभासद झालेल्या बायांना पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने मजुरी मिळाली. संस्थेने जमीन घेतली, शिवणकेंद्र बांधले आणि हाकलल्या गेलेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीतून घरासाठी जागा विकली.

मोठ्या ऑर्डरी आल्या, मग अडचण काय?

न्यूयॉर्कच्या सजावटकारांत या गोधड्या लोकप्रिय झाल्या. ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानात त्या विकल्या जाऊ लागल्या. पण दुकानाला शंभर नग हवे असतील, तर शंभरही सारखे हवेत. टाक्यांचे अंतर ठरले, कापड ठरले, नमुना ठरला. ‘माझ्या पद्धतीची’ गोधडी शिवणाऱ्या हातांना दुसऱ्याच्या मापात काम करावे लागले. काहींना ते जमले, काही घरीच आपल्या मनाप्रमाणे शिवत राहिल्या.

१९७२ मध्ये सीअर्स या कंपनीने कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. हे काम एकसुरी होते, पण नियमित पैसे देणारे होते. त्यातून उरलेली कात्रणे बाया घरी नेत. सोनेरी, तपकिरी, गडद हिरव्या कॉर्डरॉयच्या त्या कात्रणांतून ज्या गोधड्या झाल्या, त्या आज जीज बेंडच्या सर्वोत्तम कामांत गणल्या जातात. पुढे कामे आटली, जुन्या सभासद थकल्या आणि २०१२ मध्ये संस्था बंद झाली.

गोधड्या संग्रहालयात कशा पोहोचल्या?

१९९०च्या दशकाच्या अखेरीस कलासंग्राहक विल्यम आर्नेट यांनी एका पुस्तकात सरपणाच्या ढिगावर पसरलेल्या गोधडीचे छायाचित्र पाहिले. शोध घेत ते ॲनी मे यंग यांच्या घरी पोहोचले. जुन्या गोधड्यांचा धूर करून डास पळवण्याची तिथे रीत होती आणि यंग यांनी काही गोधड्या नुकत्याच जाळल्याही होत्या. आर्नेट यांनी त्यांच्याकडून आणि वस्तीतील इतर घरांतून शेकडो गोधड्या विकत घेतल्या.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने आधुनिक अमेरिकी कलेतील अद्भुत कामांत त्यांची गणना केली आणि मातिस, क्ले या चित्रकारांची आठवण काढली. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने दहा गोधड्यांवर तिकिटे काढली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला आर्नेट यांच्या प्रतिष्ठानाकडून मिळालेल्या ५७ कलाकृतींत २० गोधड्या जीज बेंडच्या होत्या. मेरी ली बेन्डॉल्फ, ल्यूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे या तिघींना २०१५ मध्ये लोककलांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप मिळाली.

वाद कशावरून झाला?

प्रसिद्धीबरोबर गोधड्यांची नक्षी गालिचे, चादरी आणि घरसजावटीच्या वस्तूंवर आली. २००७ मध्ये यंग आणि लोरेटा पेटवे यांच्यासह तीन महिलांनी आर्नेट कुटुंब आणि संबंधितांवर दावे दाखल केले. गोधड्यांचे आणि नक्षीच्या वापराचे योग्य पैसे मिळाले नाहीत, असा त्यांचा आरोप होता. आर्नेट यांनी तो फेटाळला; आपण वाजवी किंमत दिली आणि विस्मृतीत जाणारी कला वाचवली, अशी त्यांची बाजू होती. २००८ मध्ये तडजोड होऊन दावे मिटले. वस्तीतही मते दुभंगलेली होती. काहींना आर्नेट यांच्यामुळेच जग आपल्या दारात आले असे वाटे, तर काहींना जगाने दारातून काय नेले याचा हिशेब हवा होता.

२०२४ मध्ये हाच प्रश्न पुन्हा आला. ‘टार्गेट’ या विक्री साखळीने कृष्णवर्णीय इतिहास महिन्यानिमित्त जीज बेंडच्या पाच महिलांच्या नक्षीवर आधारित वस्तू विक्रीला आणल्या. त्यांना विक्रीतील वाटा न देता ठरावीक रक्कम देण्यात आली. शेकडो दुकानांत नाव पोहोचले हा फायदाच, असे काहींचे म्हणणे; तर पिढ्यान् पिढ्या जपलेली नक्षी एकदाच मोजलेल्या रकमेत गेली, असा टीकाकारांचा आक्षेप.

कायदा काय सांगतो?

हाऊसटॉपसारखा परंपरागत प्रकार कुणा एकाच्या मालकीचा नसतो. मात्र विशिष्ट बाईने केलेल्या विशिष्ट रचनेवर तिचा स्वामित्वहक्क असू शकतो. गोधडी विकली म्हणजे ती वस्तू विकली. तिची नक्षी छापण्याचा हक्क आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. अडचण अशी की हा फरक शिवणाऱ्या बाईला विक्रीच्या वेळी कुणी सांगत नाही.

दुसरा मुद्दा पुनर्विक्रीचा. आज शंभराला विकलेली गोधडी उद्या लाखाला गेली, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार कलाकाराला त्यातला वाटा मिळत नाही. म्हणून आर्नेट यांनी २०१० मध्ये स्थापन केलेल्या ‘सोल्स ग्रोन डीप’ प्रतिष्ठानाने २०२१ पासून स्वतःहून पाच टक्के वाटा देण्याची योजना सुरू केली. भारतात स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत कलाकाराला कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद आहे. पण त्यात चित्र, शिल्प, रेखाटन आणि मूळ हस्तलिखिते यांचाच उल्लेख आहे. गोधडीचा नाही.

आज जीज बेंडमध्ये काय चित्र आहे?

२००३ मध्ये महिलांनी स्वतःची ‘जीज बेंड क्विल्टर्स कलेक्टिव्ह’ ही संस्था काढली. २०२१ पासून अनेकींनी ‘एट्सी’ या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने दुकाने उघडली. आता किंमत त्या ठरवतात आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात येतात. २०२२ पासून ऑक्टोबरमध्ये उत्सव भरतो. हिवाळ्यापूर्वी गोधड्यांना ऊन देण्याची जुनी रीत आता पाहुण्यांसाठी खुली झाली आहे. घराघरांसमोर दोऱ्यांवर गोधड्या लटकतात आणि लोक त्या शिवणारीशीच बोलून विकत घेतात.

तरीही वस्ती लहान आहे, रोजगार कमी आहे आणि तरुण मुली शहरांकडे जातात. गोधडी शिवायला अनेक आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांची मजुरी निघत असेल तरच पुढची पिढी चौकटीभोवती बसेल. आपल्याकडेही गोधड्या आता ऑनलाइन विकल्या जातात, प्रदर्शनांत मांडल्या जातात. ती घेताना एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. ती कुणी शिवली, तिचे नाव काय आणि या किमतीतले तिच्या हातात किती पडले? जीज बेंडच्या बायांना हे विचारणारे कुणी भेटेपर्यंत चाळीस वर्षे गेली.