कोशिकापटल

कोशिकेतील (पेशीतील) जीवद्रव्याला सर्व बाजूंनी वेढणाऱ्या अतिशय पातळ व जिवंत आवरणाला ‘कोशिकापटल’ म्हणतात. त्याची जाडी सु. ७ ते १० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षावा भाग) असते. वनस्पतींत या पटलाबाहेर सेल्युलोजाची ताठर कोशिकाभित्ती असते; प्राण्यांच्या कोशिकांना ती नसते.

संरचना : ई. गोर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये रक्तातील तांबड्या कोशिकांमधील लिपिडे (स्निग्ध पदार्थ) वेगळी करून पाण्यावर पसरली. त्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठभागाच्या सु. दुप्पट भरले, यावरून पटलात लिपिडांचे दोन थर असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. लिपिड-रेणूंची पाण्याकडे ओढ असलेली टोके बाहेरच्या बाजूंना व पाणी टाळणारी टोके आत असतात. या थरांत प्रथिने जडविल्यासारखी असून त्यांतील पुष्कळशी सरकू शकतात. एस्. जे. सिंगर व जी. एल्. निकल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही ‘प्रवाही कुट्टिम’ प्रतिकृती मूलतः आजही ग्राह्य आहे.

कार्य : पटल निवडक्षम असते. ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड त्यातून सहज जातात. आयन (विद्युत् भारित अणू वा रेणू) व ग्लुकोज यांना मात्र प्रथिनांच्या मार्गानेच जावे लागते. त्यांपैकी एक प्रथिन ऊर्जा खर्च करून दर खेपेस ३ सोडियम आयन बाहेर टाकते व २ पोटॅशियम आयन आत घेते. तंत्रिका-संदेशांचे वहन या असमतोलावर अवलंबून असते.

विभाजनातील भाग : समविभाजनात गुणसूत्रांच्या (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या सूत्रांच्या) प्रती होऊन त्यांचे दोन सारखे संच विरुद्ध टोकांकडे जातात, मानवात प्रत्येक संचात ४६ गुणसूत्रे असतात. त्यानंतर प्राणिकोशिकेत पटलाखालील प्रथिन-तंतूंचे कडे आवळत जाऊन मधोमध खाच पडते व दोन कोशिका अलग होतात. वनस्पतींत मध्यभागी नवा पडदा तयार होऊन तो कडेपर्यंत वाढतो. वाढीव पटल आतील सूक्ष्म पुटिकांपासून मिळते. पटल जुन्या पटलातूनच वाढते, पूर्णतः नव्याने बनत नाही. गुणसूत्रांची वाटणी चुकल्यास त्यांची संख्या विषम होते. असा दोष कर्काच्या पुष्कळ कोशिकांत आढळतो. आतड्याच्या अस्तरातील बहुतेक कोशिका विभाजनामुळे सु. ३ ते ५ दिवसांत बदलल्या जातात.

वैद्यकीय महत्त्व : पटकी (कॉलरा) या रोगात जंतूंच्या विषामुळे या अस्तराच्या पटलांतील क्लोराइडाचे मार्ग उघडे राहतात व त्यामागोमाग पाणी आतड्यात वाहून जाते. परंतु सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारे प्रथिन शाबूत असते व त्यांच्याबरोबर पाणीही शोषले जाते. म्हणूनच नुसते पाणी वा नुसते मीठ-पाणी पुरेसे पडत नाही. १९७१ मध्ये बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव (प. बंगाल) येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडावाटे दिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. तयार पुडी नसल्यास १ लि. स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तेच तत्त्व घरीही उपयोगात आणता येते.